वसईची सरासरी काढू नका

प्रति,
मा. संचालक, अर्थ व सांख्यिकी संचालनालय, महाराष्ट्र शासन;
जिल्हा सांख्यिकी कार्यालय, पालघर;
आणि जनगणना २०२७ साठी वसई तालुक्यात नेमणूक होणारे सर्व प्रगणक व पर्यवेक्षक

विषय : ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ आणि त्यातला वसई तालुका

स.न.वि.वि.

‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ हे आपले प्रकाशन नेमाने वाचणारी माणसे फार नसतील. मी त्यांतला एक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, त्यामुळे तक्ते भरण्याची आणि भरलेले तक्ते पुन्हा तपासण्याची सवय अंगात मुरली आहे. आधी ठाणे जिल्ह्याचे समालोचन वाचत असे, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाल्यावर पालघरचे. पीकक्षेत्र, पर्जन्यमान, बँका, शाळा, पशुधन, सगळे एका ठिकाणी मिळते आणि ते मराठीत मिळते, याबद्दल आधी आभार. पुढे जे लिहितो आहे ते तक्रार म्हणून घ्या किंवा सूचना म्हणून, पण घ्या.

म्हणणे एवढेच आहे की वसई तालुक्याची सरासरी काढून काही हाती लागत नाही, उलट हाती असलेले निसटते.

जिल्ह्यापासून सुरू करू. २०११ च्या जनगणनेत पालघर जिल्ह्याच्या आजच्या हद्दीत २९,९०,११६ माणसे होती. त्यांतली १३,४३,४०२ एकट्या वसई तालुक्यात. म्हणजे आठ तालुक्यांच्या जिल्ह्यातली शंभरातली पंचेचाळीस माणसे एका तालुक्यात, आणि तीही बहुतेक रेल्वेच्या रुळांना चिकटून. आता आपण छापतो की जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ३७ टक्के आहे. गणित बरोबर आहे. पण ही ३७ टक्केवाली जागा जिल्ह्यात आहे कुठे? वसईत हे प्रमाण सुमारे ७ टक्के, पालघर तालुक्यात ३१, वाड्यात ५७, डहाणूत ६९ आणि तलासरी, जव्हार, विक्रमगड, मोखाड्यात नव्वदीच्या पुढे. आठांपैकी एकही तालुका ३७ च्या आसपाससुद्धा नाही. ज्या आकड्याचे गाव नकाशावर सापडत नाही, तो आकडा जिल्ह्याची ओळख म्हणून पहिल्या पानांवर येतो.

बरे, जिल्हा सोडून तालुक्यावर आलो तरी तीच गत. वसईतले ७ टक्के वाचले की वाटते, इथे आदिवासी नाममात्र असणार. प्रत्यक्षात ते ७ टक्के म्हणजे ९८,२९८ माणसे. मोखाडा तालुक्याची सगळी लोकसंख्या, सर्व जातीजमाती धरून, ८३,४५३ होती. वसईत मोखाड्यापेक्षा जास्त आदिवासी राहतात, हे वसईत जन्म गेलेल्या माणसाला सांगितले तर तो आधी हसतो. मग तुंगारेश्वरच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणतो, ‘हो, त्या बाजूला आहेत खरे.’ त्या बाजूला! मोखाड्याचा विषय निघाला की कुपोषणावर बैठका होतात, मंत्री येतात (यायलाच हवेत). वसईच्या पाड्यांवर तसे कोणी येत नाही, कारण टक्केवारीत ते दिसतच नाहीत. भाजक मोठा झाला की अंशातली माणसे पुसट होतात, हे सातवीच्या मुलालाही फळ्यावर दाखवता येते.

आता तालुका समुद्राकडून डोंगराकडे चालत जाऊन पाहा.

किनाऱ्यावर अर्नाळा, रानगाव, पाचूबंदर, खोचिवडे, नायगाव. मासेमारी, बोंबील वाळत घालायच्या वलांडी, डिझेलचा भाव आणि दर वर्षी कमी होणारी मासळी. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावरच्या माणसाला आजारी पडायचे तरी होडीचा विचार करावा लागतो. नायगाव-राजावलीकडे मिठागरे, जुलै २०१८ च्या पुरात मिठागरातली कुटुंबे अडकून पडली, तेव्हा पुष्कळ वसईकरांना पहिल्यांदा कळले की तिथे माणसे राहतातही.

किनाऱ्याच्या आत आले की हिरवा पट्टा. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास, वाघोली. वाडवळ, सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी, सामवेदी ब्राह्मण, भंडारी, आगरी. केळीच्या बागा, पानवेली, अळू, वांगी, दुधी, सोनचाफा, मोगरा, जास्वंद. बावखलावर, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर, पूर्वी रहाट असत, आता पंप आहेत, आणि बावखले बुजवायचे थांबले असते तर बरे झाले असते. राजेळी केळी वाळवून सुकेळी करणारी घरे आता बोटांवर मोजावी लागतात. हा पट्टा मी जरा सावकाश सांगतो, कारण आकड्यांची सर्वांत मोठी गफलत इथे होते.

एखादे गाव ‘शहरी’ केव्हा धरायचे याचे जनगणनेचे निकष ठरलेले आहेत. लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. पुरुषांपैकी, हे लक्षात घ्या. वसईच्या पट्ट्यातला पुरुष दोन पिढ्यांपासून मुंबईत नोकरीला आहे. कोणी रेल्वेत, कोणी बेस्टमध्ये, बँकेत, गोदीत. सकाळची लोकल पकडतो आणि रात्री परत येतो. वाडी, म्हणजे घरची बागायत, त्याच्या बायकोने आणि आईने चालवली. पाटाला पाणी सोडायचे, फुले तोडायची, जुड्या बांधायच्या, माल दादर-बोरिवलीला पोचवायचा आणि पैसे मोजून घ्यायचे, ही सगळी बाईची कामे. या निकषाने तिचे काम गावाच्या वर्गवारीत मोजायचेच नसते. शेती बाई करते आणि गाव शहर ठरते ते नवरा नोकरी करतो म्हणून.

बाईची नोंद होते का, हेही पाहण्यासारखे आहे. २०११ ला मी प्रगणक होतो. आमच्या सूचनापुस्तिकेत स्पष्ट होते की घरच्या शेतात बिनमोबदला केलेले कामही काम धरावे. फेब्रुवारीची सकाळ, एका वाडीतले घर. ओटीवर अळूच्या पानांचा ढीग, घरातली बाई केळीच्या सोपटाने भराभर जुड्या बांधते आहे, शेजारी टोपलीत चाफ्याच्या मोजलेल्या कळ्या ओल्या फडक्याखाली. घरमालक खुर्चीवर बसून एकेका रकान्याचे उत्तर देत होते. बायकोचा रकाना आला तर म्हणाले, ‘ती कुठे जाते कामाला? घरीच असते.’ बाईनेही मान डोलावली, हात मात्र थांबले नाहीत. मी तिलाच विचारले, ‘वाडीत किती वाजता जाता?’ ‘चारला,’ ती म्हणाली. ‘कळी उमलायच्या आत तोडावी लागते, नाही तर दादरला कोण घेणार?’ मग तिचा रकाना मी शेतकरी म्हणून भरला. घरमालकांना ते फारसे रुचले नाही. पण वेळेची घाई असलेला प्रगणक ‘घरीच असते’ यावर पुढच्या ओळीला जाऊ शकतो, आणि त्याच्या हाती दिलेली घरांची संख्या बघता त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

या पट्ट्याची शेती कागदावर घटते आहे ती काही अंशी खरेच घटते आहे म्हणून. सिडकोला १९९० मध्ये इथे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले, जमिनीचे भाव चढले, विहिरींचे गोडे पाणी टँकरने इमारतींना जाऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने त्यावर मोठे आंदोलन उभे केले, ते सर्वज्ञात आहे. पण काही अंशी ती मोजली जात नाही म्हणूनही घटते आहे. या दोहोंतला फरक आपल्या तक्त्यातून कळत नाही, आणि मग नियोजनवाले म्हणतात, शेती राहिलीच कुठे आहे, करा पिवळा पट्टा, म्हणजे रहिवासी क्षेत्र.

पट्टा ओलांडला की रूळ. वसई रोड, नालासोपारा, विरार. २००१ मध्ये वसई नगरपरिषदेत पन्नास हजारांच्या आत माणसे होती, नालासोपाऱ्यात एक लाख ८५ हजारांच्या आसपास. ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, आणि २०११ ला तिची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. तेव्हा आज इथे किती लोक राहतात यावर जो जे बोलतो ते अंदाजाने बोलतो, आणि पाणी, कचरा, दवाखाने यांची आखणी त्याच अंदाजावर चालते.

या माणसांच्या उत्पन्नाबद्दल एक गोष्ट आपल्याला माहीत आहे, पण वाचकाला कोणी सांगत नाही. जिल्ह्याचे उत्पन्न आपण मोजतो ते कुठे निर्माण झाले यावरून, कोणाच्या घरात आले यावरून नाही. विरारचा माणूस अंधेरीत कमावतो, तेव्हा त्याची कमाई मुंबई उपनगरच्या खात्यात जमा होते. पालघरच्या खात्यात येते तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे उत्पादन. मग त्या बेरजेला सगळ्या जिल्ह्याच्या डोक्यांनी भागायचे, त्यात विरारचा प्रवासी आला आणि मोखाड्याचा शेतमजूरही. जे उत्तर येते त्याला दरडोई उत्पन्न म्हणायचे. एकाची कमाई त्यात धरलेलीच नाही, आणि दुसऱ्याच्या नावावर बोईसरच्या रसायन कारखान्याचा वाटा चढला आहे. पद्धत देशभर हीच आहे, ती आपण बदलू शकत नाही, हे मी जाणतो. पण तक्त्याखाली चार ओळींची टीप तर देता येईल?

रुळांच्या पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार. गाळे. प्लास्टिक, इंजिनिअरिंग, पॅकिंग, स्टीलची भांडी, फरसाण, काय वाट्टेल ते. एकेका गाळ्यात पाच-दहा माणसे, उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानकडून आलेली, बरीचशी गाळ्यातच झोपणारी. शेजारी चाळी, त्यांतल्या किती अधिकृत हे विचारू नये. नालासोपाऱ्यात अनधिकृत ठरलेल्या ४१ इमारती पाडण्याची मोहीम २०२५ च्या सुरुवातीला पुरी झाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला इमारत कोसळून १७ जण गेले. घर बेकायदा असते, पण त्यात राहणारा माणूस बेकायदा नसतो. प्रगणकाच्या यादीत मात्र घर नसले की माणूसही राहून जातो. अशा घरांतून बायका नगावर काम करतात. धागे कापणे, खडे चिकटवणे, डझनावर मजुरी. सहावी आर्थिक गणना २०१३ ची. तिच्यात घरातून चालणारे व्यवसायही मोजायचे होते. आमच्या बाजूला दार उघडून ‘तुम्ही नगावर काय करता?’ असे कोणी विचारल्याचे मात्र फारशा बायकांना आठवत नाही.

आणि महामार्ग ओलांडला की पाडे. वारली, मल्हार कोळी, काथोडी म्हणजे कातकरी. मुंबईपासून इतक्या जवळ वेठबिगार होते आणि त्यांची सुटका करण्यासाठी १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला याच तालुक्यात लढावे लागले, हे नव्या वसईकरांना खरे वाटत नाही. उसगाव आणि पेल्हारची धरणे या पूर्व भागातच आहेत, शहराची तहान त्यांनी वर्षानुवर्षे भागवली. पुढे सूर्या प्रकल्पाचे पाणी आले, तेही विक्रमगडातल्या धामणी धरणातून, जे मुळात तिकडच्या शेतीसाठी बांधले होते. पाणी कोणाच्या अंगणातून कोणाच्या नळाला जाते, याचा तक्ता समालोचनात घालाल तर मी स्वतः त्याच्या प्रती वाटीन.

या पाड्यांबाबत सर्वांत महत्त्वाचे, आणि हे विशेषतः प्रगणकांसाठी लिहितो. जनगणनेची मोजणी फेब्रुवारीत होते. २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी होती, आता संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. फेब्रुवारीत काथोडी पाड्यावर माणूस नसतो. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परततात. पाड्यावर म्हातारी माणसे, एखादे आजारी पोर, आणि कूड लावलेल्या झोपड्या. नियम असा की जो मोजणीच्या सगळ्या काळात घराबाहेर आहे, त्याची गणना जिथे आहे तिथे व्हावी. म्हणजे भट्टीवर. पण भट्टीवर झोपडी म्हणजे कच्च्या विटांच्या चार भिंती आणि वर ताडपत्री; घरयादीच्या वेळी ती अस्तित्वातच नव्हती, तिला घरक्रमांक नाही, आणि भट्टीमालकाला ‘तुझ्याकडे किती माणसे?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायची हौस नाही. मजुरी हजार विटांमागे, तीही नवराबायकोच्या जोडीला एकत्र. बाईचा वेगळा हिशेब तिथेही नाही. उलट जव्हार-मोखाड्याची माणसे याच महिन्यांत वसईच्या बांधकामांवर आणि नाक्यांवर असतात. ती तिकडे कमी भरतात आणि इकडे मोजली गेली तर ठीक, नाही तर कुठेच नाहीत. पाड्याची लोकसंख्या कागदावर घटली की अंगणवाडी, शिक्षक, रस्ता, सगळ्याचे निकष घसरतात. शाळेची पटसंख्या फेब्रुवारीत का पडते हे आम्हा मास्तरांना कधी विचारावे लागले नाही.

शहर आणि गाव यांच्या मधली रेष माणसाला कुठे टाकते, तेही पाहा. महापालिकेच्या हद्दीत गेलेल्या पाड्याला ग्रामसभा उरली नाही. रोजगार हमी ग्रामीण भागासाठी, ग्रामीण घरकुल योजना ग्रामीण भागासाठी. पाडा तोच, कुडाची भिंत तीच, पण पत्ता शहरी. २९ गावांनी महापालिकेबाहेर राहण्याची मागणी केली त्यामागे राजकारण नव्हते असे कोण म्हणेल, पण घरपट्टी आणि ग्रामसभा हेही खरे प्रश्न होते. तो वाद शासन आणि न्यायालय यांच्यामध्ये वर्षानुवर्षे रेंगाळला. गंमत अशी की महापालिका झाली तरी हद्दीतल्या प्राथमिक शाळा पुढे कितीतरी वर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. म्हणजे विद्यार्थी शहरी, शिक्षक ग्रामीण आणि शाळेचे छप्पर दुरुस्त कोणी करायचे हा पत्रव्यवहार.

आपल्याकडून मला नवी पाहणी, नवा निधी नको. जे आपल्याकडे आहे ते वेगळे मांडा. वसई तालुक्यासाठी समालोचनाला एक स्वतंत्र पुरवणी जोडा आणि तीत किनारा, हिरवा पट्टा, रेल्वेलगतची शहरे, गाळ्यांचा भाग आणि पूर्वेचे पाडे यांचे तक्ते वेगवेगळे ठेवा. गावनिहाय आणि प्रभागनिहाय आकडे जनगणनेत असतातच, त्यांची बेरीज कोणत्या रेषेवर करायची एवढाच निर्णय आहे. टक्केवारीच्या शेजारी मूळ संख्या छापा, दर वेळी. स्त्री-पुरुष कामगारांचे तक्ते शेतीसाठी तरी स्वतंत्र द्या. महापालिकेच्या हद्दीतल्या पाड्यांची यादी नावांसह द्या. ती आज एका ठिकाणी पाहायला मिळाली तर निम्मे काम होईल.

प्रगणकांना विनंती की घरयादीत भट्ट्यांची नावे आधीच टिपून ठेवा, मुकादमाशी बोलून ठेवा, आणि फेब्रुवारीत भट्टीवर दुपारी जाऊ नका. दुपारी चिखल तुडवून आणि विटा थापून माणसे दमून मेल्यागत झालेली असतात, कोणी धड बोलत नाही. संध्याकाळी चूल पेटल्यावर जा. मूळ पाड्याचे नाव विचारा आणि ते नीट लिहा, कारण एकाच नावाचे पाडे तालुक्यात अनेक आहेत. वाडीतल्या बाईला ‘काम करता का’ असे विचारू नका, ‘वाडीत किती वाजता जाता’ असे विचारा.

पुरवणीचा मसुदा तयार झाला तर तो वसईच्या तहसील कार्यालयात महिनाभर ठेवावा आणि हरकती मागवाव्यात. आकडे तपासायला मी येईन, चष्मा बदलून घेतला आहे. सोबत निर्मळच्या वाडीतली एक बाई आणि पारोळकडचा एक पाडेकरी आणायची जबाबदारीही माझी.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ता. वसई, जि. पालघर